दाराबाहेरची हजेरी

"फॉरेन म्हणजे मुळात परदेशी नाही. मूळ अर्थ, दाराच्या बाहेर. लॅटिनमधून आलाय."

सरनं खडू ठेवला, हात झटकले अन् बोट माह्याकडं केलं. मी दाराच्या बाहेरच होती. व्हरांड्यात, चौकटीले टेकून, वही गुडघ्यावर घेऊन बसलती. साऱ्या वर्गानं माना वळवल्या.

"आता उदाहरण शोधायला लंडनला जायची गरज नाही. हे बघा. रोज हजर, रोज फॉरेन."

सारे हसले. मागच्या पोट्ट्यायनं बाकं वाजवले. सरले हसू लय आवडते. एकदा हसू आलं की तो थांबत नाई, अजून एक टोमणा देते.

"फॉरेस्ट हा शब्दसुद्धा त्याच घरातला. दाराबाहेरचं रान. म्हणजे आपल्या या बाई डबल आहेत. फॉरेस्टमधून येतात आणि फॉरेन राहतात."

मंग तर विचारूच नका. पहिल्या बाकावरच्या पोट्टीनं तोंडावर ओढणी धरली. दाराजवळच्या बाकावर शबाना बसते. पांढरकवड्याच्या एका मेकॅनिकची पोट्टी, कॉलेजात माह्याशी बोलणारी तेवढी एकच. तेबी हसली.

अन् मी? मीबी हसली. खोटं कायले बोलू.

मी कोलामाची, आदिवासी. हायवे सोडून आत गेलं की आमचा पोड लागते. पोड म्हणजे आमची वस्ती, पंचवीसेक घरं. पोडावरून फाट्यापर्यंत पायी यायचं, फाट्यावरून काळीपिवळी जीप. जीप भरल्याबिगर हालत नाई. सकाळच्या पारी मी जाऊन बसली तरी ड्रायव्हर आपला तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत सवारीची वाट पाहून राह्यते. कॉलेजात पोचाले आठ वीस, आठ पंचवीस होतेच. होस्टेलच्या यादीत नाव लागलं नाई. काहून लागलं नाई, ते कोणी सांगितलं नाई.

इंग्रजीचा पिरेड आठाचा. सरचा नियम असा, की आठ वाजले की दार बंद, म्हणजे माणसासाठी बंद. बाहेर बसून ऐकाची परवानगी हाय, ते त्याचे उपकार. हजेरी तो पिरेडच्या शेवटी घेते, तरीबी बाहेरच्याचं नाव घेत नाई. पण कापसाच्या जिनिंगवाल्याचं पोट्टं साडेआठाले बुलेटवर येते, दारात उभं राहून "मे आय कम इन सर" म्हणते, अन् सर म्हणते, "या साहेब, या." त्याची हजेरी लागते. तो माह्या पायावरून उडी मारून आत जाते. एकदा त्याचा बूट माह्या वहीवर पडला. त्यानं सॉरी म्हटलं, वहीले.

मी या माणसाले "ते" म्हणणार नाई. कॉलेजात म्हणते, तोंडावर म्हणते. इथं नाई म्हणणार.

आता हजेरीचं सांगते, कारण सारं तिच्यावरच अडलं होतं. पंच्याहत्तर टक्के हजेरी नसली तर परीक्षेचा फॉर्म भरता येत नाई. बाकी विषयात माह्यी हजेरी पुरी होती. इंग्रजीत मी एकबी दिवस चुकली नाई. पावसात आली, ताप असताना आली. अन् रजिस्टरात पाह्यलं तर मी त्या वर्गात नव्हतीच. आमच्या पोडावरून बी.ए.पर्यंत आलेली मी पहिली. फॉर्म गेला तर वर्ष गेलं. वर्ष गेलं की माय म्हणणार, झालं तुह्यं शिकणं, आता पाहुणे येऊ दे.

त्या दिवशी पिरेड संपल्यावर मी घरी गेली नाई, लायब्ररीत गेली. काचेच्या कपाटात एक जाड डिक्शनरी हाय, कुलपातली. लायब्ररीवाल्यानं विचारलं, "तुले कायले पाह्यजे?" मी म्हटलं, वाचाले. त्यानं हात पाह्यले माहे, खरंच पाह्यले, मंग चावी काढली.

बोट ठेवून ठेवून वाचलं. सरनं सांगितलं ते खरं होतं. दाराबाहेरचं. इंग्रजीतला दारासाठीचा शब्दबी लांबचा नातेवाईकच निघाला. पण सरनं जेवढं सांगितलं त्याच्या खाली अजून होतं. इंग्लंडात एका काळी फॉरेनर म्हणजे समुद्रापलीकडचा माणूस नव्हता, बाजूच्या गावचाबी चालत होता. गावातले कारागीर त्याले आपल्यात दुकान मांडू देत नव्हते. अन् एका जुन्या अर्थानं तर फॉरेन हाच शब्द संडासाच्या खोलीले लावत, ते घराच्या बाहेर असे म्हणून. बरं झालं सरनं हे वाचलं नव्हतं. वाचलं असतं तर अजून एक दिला असता.

मंग फॉरेस्ट काढला. ते रान राजाचं होतं. राजानं म्हटलं की हे बाहेरचं, इथं माह्या शिकारीशिवाय काही चालणार नाई, की झालं ते फॉरेस्ट. तिथं माह्यं डोकं सणकलं. कारण आमच्या घरालेबी दार हाय, बांबूच्या ताट्याचं का होईना. पण रान आमच्या दाराबाहेर हाय असं आमच्यात कोणी कधी म्हटलं नाई. रानात जाऊन आलो असं म्हणतो, जसं आंगणात जाऊन आलो. बाहेर हाय हे आमाले जंगलखात्याच्या गार्डनं सांगितलं, काठी घेऊन, मायच्या डोक्यावरची मोळी खाली टाकून. तेव्हा मी लहान होती. मले वाटे, गार्डले मोळी जड दिसत असन.

बाहेर म्हटलं की कोणाच्या तरी दाराच्या बाहेर. शब्द एवढंच सांगते. दार कोणाचं हाय, ते सांगत नाई. त्या मोठ्या पुस्तकात मी मागंपुढं पाह्यलं, दार कोणाचं हे कुठंच लिहिलं नव्हतं. आतून बोलणाऱ्याले आपण कुठं बसलो ते सांगायची गरजच पडत नाई. हे मले त्या दिवशी कळलं. पण कळलं म्हणून काही मी वाघीण झाली नाई. दुसऱ्या दिवशी पुन्हा चौकटीले टेकूनच बसली.

मंग दिवाळीच्या सुट्ट्या संपल्यावर सरनं मले स्टाफरूममध्ये बोलावलं. "ये, आत ये" म्हणे. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा मी त्याच्या तोंडून आत हा शब्द ऐकला. बस मात्र म्हटलं नाई.

"मी तुमच्या भाषेवर पेपर लिहितोय. मरणाऱ्या भाषा, असा विषय आहे. मला शे-दोनशे शब्द पाहिजेत, घरातले, नात्यातले. रविवारी येतो तुमच्याकडे. तू मधे बोलायचं, मी विचारीन ते त्यांना सांगायचं, ते सांगतील ते मला."

मी उभीच.

"अटेंडन्सचं मी बघून घेईन."

मी हाव म्हटलं. दोन मिनिटंबी लागले नाई. त्यानं भरल्या वर्गात माह्यं काय केलं ते आठवत होतं, तरी हाव म्हटलं. डोळ्यापुढं फॉर्म होता. घरी जाऊन मी फुशारकी मारली की आमचे सर येऊन राह्यले, आपल्या बोलीवर लिहिणार हाय. बाबाले आनंद झाला. बाबा पोडाचे नाईक, म्हणजे मुखिया हाय. ते म्हणे, "मंग चावडी नीट सारवाले सांग."

चावडीचं सांगाले पाह्यजे. कोलामाच्या पोडात मधोमध चावडी असते. वर छप्पर, बाजूनं मोकळी, खाली सारवलेली जमीन. पाहुणा कोणीबी असो, ओळखीचा नसो, त्याले आधी चावडीत बसवतात. पाणी देतात. मंग पोडातले लोक येऊन भोवताल बसतात. कुठून आला, कायले आला, हे सारं तिथं बसून. चावडीत बसल्याबिगर कामाचं बोलणं काढत नाई. लगीन जुळवाले आलेला असो नाई तर पंचायतीचा माणूस असो, त्याले हेच. चपला तेवढ्या बाहेर काढाच्या.

रविवारी बायायनं पहाटंच सारवण केलं. मायनं पेटीतली सतरंजी काढली, ते फक्त लग्नात निघते. सर अकराच्या सुमाराले आला, पांढऱ्या गाडीत, पांढरी पँट घालून. बाबा हात जोडून पुढं गेले. सरनं चावडीकडं पाह्यलं, सतरंजीकडं पाह्यलं, खाली ओल्या सारवणाकडं पाह्यलं. मंग डिक्की उघडून त्यानं घडीची खुर्ची काढली. घरून आणली होती! चावडीच्या बाहेर, निंबाखाली उघडली अन् बूट घालून बसला.

"आपण इथंच करू. मला ते खाली बसणं जमत नाही."

मले वाटलं, गुडघे दुखत असतीन. म्हातारा नाई, पण असतीन. बाबालेबी तेच वाटलं. ते मले आमच्या बोलीत म्हणे, "मंग खुर्ची इकडं आण म्हणा. खुर्चीवरच बस, पण आमच्यात बस."

मी सरले सांगितलं. सरनं नाकाजवळ हात नेला.

"नको, तिथं वास येतो." मंग थोडा हळू, "हे त्यांना सांगू नको. सांग की सरांना घाई आहे."

चावडीत पोडातली सारी माणसं बसलेली. बाया कडेले. साऱ्यायचं ध्यान माह्या तोंडाकडं. बाबानं विचारलं, "काय म्हणते?"

सरले घाई हाय, एवढं म्हटलं असतं तर भागलं असतं. बाबायनं पाणी तिकडंच पाठवलं असतं, शब्द सांगितले असते, माह्यी हजेरी लागली असती. कोणालेच काही कळलं नसतं. मी तोंड उघडलं ते तेच सांगाले.

अन् सांगितलं दुसरंच. म्हटलं, तो म्हणते तिथं वास येते. मंग थांबताच येईना. वर्गातलं सांगितलं. दाराबाहेर बसवते ते सांगितलं, घरी आजवर लपवलं होतं. फॉरेन सांगितलं, फॉरेस्ट सांगितलं, डबल सांगितलं, सारे कसे हसले ते सांगितलं. मी हसली तेबी सांगितलं. हजेरीच्या बदल्यात त्याले घेऊन आली, तेबी सांगितलं.

कोणी हसलं नाई. ते बोलणं मी पहिल्यांदा हसण्याबिगर ऐकलं, माह्याच तोंडून, अन् ते किती घाण हाय ते मले तिथं उभ्या उभ्या समजलं. मायनं काही शिव्या दिल्या नाई. ते उठली, सतरंजी झटकली, घडी घातली अन् घरात घेऊन गेली.

बाबा मले म्हणे, "तो हसला ते समजलं. तू काहून हसली?"

वर्गात माराचं भेव नव्हतं, कोणी हात लावणार नव्हतं. तरी हसली. आपल्यावर साऱ्यायनं हसावं अन् आपणबी त्यात मिसळावं, म्हणजे तेवढा वेळ तरी आपण आत असतो, असं काही असन. थू त्या आत असण्यावर.

सर घड्याळ पाहून राह्यलता. "काय चाललंय? काय म्हणतात ते?"

"बाबा मले विचारून राह्यले, मी काहून हसली."

"काय? बरं, ते राहू दे. पहिला शब्द घे. पाहुणा. तुमच्यात पाहुण्याला काय म्हणतात?"

त्याच्या मांडीवर नवी वही होती. पेनाचं टोपण काढलेलं.

"नाई सांगत," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"सर, चावडीत बसल्याबिगर आमी सांगत नाई."

त्याचं तोंड लाल झालं. तो दारव्ह्याकडचा, मोठ्या जमिनीवाल्या घरचा. वर्गात शुद्ध बोलते, पण राग आला की त्याचीबी वऱ्हाडी बाहेर पडते. "ए पोट्टे, फॉर्म भराचा हाय ना तुले?"

"हाव. भराचा हाय."

"मंग?"

"मंग काही नाई. भरीन."

त्यानं खुर्चीची घडी केली. ते लवकर होईना, बोट चेंगरलं त्याचं. डिक्की आपटली अन् गेला. पाहुण्यासाठीचा आमचा शब्द मी इथंबी लिहिणार नाई. त्याच्या पेपरात तो नाई, ते मले चांगलं वाटते.

सोमवारी मी आठ वीसले पोचली. दारात बसली नाई. सरळ आत गेली. शबानानं माह्याकडं पाह्यलं, सरकली, अन् हळूच म्हणे, "बैठ. देखते क्या होता."

"आउट," सर म्हणे.

"मी इथं बसून ऐकते सर."

"गेट आउट!"

मी उठली नाई. बाकाले दोन्ही हातानं धरून बसली. त्यानं पुस्तक मिटलं अन् निघून गेला. मंगळवारी तसंच. बुधवारी तसंच. पोट्टे माह्यावर घसरले. "तुह्या एकटीच्या पायी साऱ्यायचा पिरेड बुडून राह्यला. परीक्षा हाय आमची." वा रे वा! एवढे महिने माह्यी हजेरी बुडाली तेव्हा परीक्षा नव्हती वाटते कोणाची. जिनिंगवाल्याचं पोट्टं तर म्हणे, "यार, बाहेरच बस ना, सवय हाय तुले." मी म्हटलं, तुह्या बुटाले विचार माह्यी सवय. ते काही त्याले समजलं नाई.

गुरुवारी प्राचार्यायनं बोलावलं. गोड माणूस. बस म्हटलं, पाणी दिलं. माह्याजवळ अर्ज होता, त्यात विचारलं होतं की उशिरा आलेल्याले बाहेर बसवून गैरहजर धरायचं, असा नियम कुठं लिहिला हाय ते दाखवा, अन् तो बुलेटवाल्याले लागू हाय की नाई तेबी सांगा. त्यायनं अर्ज वाचला, उलटा करून टेबलावर ठेवला.

"बेटा, सर सिनियर आहेत. विषय वाढवू नको. दोन ओळींचा माफीनामा लिही. मी स्वतः फॉर्मवर सही करतो. तुझं वर्ष वाचेल."

कोरा कागद दिला. बाहेरच्या बाकावर बसून लिही म्हणे.

त्या बाकावर मी तासभर बसली. शबाना येऊन बसली बाजूले. "लिख दे ना यार, दो लाइन तो है. पेपर देके निकल यहाँ से." तिचं चूक नव्हतं. तिले माह्यी काळजी होती. पेन हातात होतं अन् दोन ओळी मले येत होत्या. इंग्रजीतबी येत होत्या, त्याच सरनं शिकवलेल्या, माफीच्या अर्जाचा नमुना. दाराबाहेर बसून पाठ केलता.

पण चावडीतल्या माणसायचे तोंडं दिसून राह्यलते. बाबायनं विचारलेलं कानात होतं. हसली तेव्हा मले कोणी हसाले सांगितलं नव्हतं, मी फुकट हसली. आता कागदावर हसाची वेळ होती, सहीनिशी. अन् या डाव मोबदला होता.

मी लिहिलं. इंग्रजीत लिहिलं, साधं साधं, खोडत खोडत. फॉरेनचा अर्थ लिहिला. सरनं वर्गात मले बोट दाखवून काय म्हटलं ते जसंच्या तसं लिहिलं. या शब्दाबद्दल डिक्शनरीत अजून काय हाय तेबी लिहिलं, संडासाच्या खोलीसकट. मंग लिहिलं की मी त्या दिवशी हसली, त्याबद्दल माह्या बापाजवळ अन् माह्या पोडाजवळ मी माफी मागितली हाय. तुमच्याजवळ मागाची अशी माह्याजवळ एकबी माफी नाई. खाली सही केली.

प्राचार्यायनं चष्मा घालून वाचलं. पुन्हा वाचलं. मले वाटलं, चिडतीन. ते चिडले नाई. त्यायनं विचारलं, "हे तुला कोणी लिहून दिलं?"

"मी लिहिलं."

"खरं सांग. कोणती संघटना आहे मागे?"

"मी लिहिलं, सर."

त्यायले पटलं नाई. शेवटपर्यंत पटलं नाई. फॉर्म सहीबिगर परत आला. नोटीस बोर्डावर कमी हजेरीवाल्यायची यादी लागली, तिच्यात मी. जिनिंगवाल्याचं पोट्टं नव्हतं. शबानानं पेपर दिले, पास झाली, तिचं लगीनबी ठरलं. माह्यं वर्ष गेलं. काही फरक नाई पडला असं मी म्हणणार नाई. लय फरक पडला. माय महिनाभर माह्याशी धड बोलली नाई, अन् पाहुणे आले ते आलेच, त्यायले मी नाई म्हटलं तेव्हा बाबाबी चिडले.

यंदा मी पुन्हा नाव घातलं. तोच वर्ग, तोच सर, तोच आठाचा पिरेड. जीप तेव्हाच निघते जेव्हा भरते. मी आठ वीसले येते, आत जाते, पहिल्या बाकावर बसते. तो आता निघून जात नाई, निघून जाऊन जाऊन किती दिवस जाईन. शिकवते, माह्याकडं न पाहता. पिरेडच्या शेवटी रजिस्टर काढते. माह्या नंबराजवळ आला की एक नंबर सोडून पुढं जाते.

मी उठून उभी राहते. "एक्केचाळीस, हजर," म्हणते, व्हरांड्यातल्यायले ऐकू जाईन एवढ्या जोरात. तो लिहीत नाई. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा उठते. फॉर्मची तारीख आली की फॉर्म भरीन. सही नाई झाली तर पुढच्या साली पुन्हा नाव घालीन, याच वर्गात, याच बाकावर. मले काढाचं असन तर त्याले चार माणसं बोलावून उचलून काढा लागन, साऱ्यायच्या देखत. मी आपल्या पायानं बाहेर जाणार नाई.